गुरुवारी दुपारी कोणी पाणी मागितलं

सन दोन हजार तेवीस. मला त्र्याहत्तरावं चालू होतं, आणि डिझेलच्या इंजिनाबद्दल मला शिकवील असा माणूस बडोद्यात शिल्लक नाही, अशी माझी पक्की समजूत होती. मी चौथी शिकलेला माणूस. बसडेपोत छत्तीस वर्षं इंजिनांचे डिझेल-पंप खोलण्याचं आणि बसवण्याचं काम केलं. मोठमोठे शिकलेले इंजिनिअर माझ्या पाठीशी उभे राहून बघायचे. इंजिन कुठे गळतं, कुठे हवा धरतं, हे बघायला मला कधी यंत्र लागलं नाही. चालू इंजिनावर नळ्यांवरून बोट फिरवलं की बोट सांगायचं. त्या बोटाचा मला फार गर्व होता. देवाचं म्हणाल तर देव नाही असं मी कधी म्हटलं नाही, पण तो आपल्या जागी आणि मी आपल्या जागी, असा माझा हिशेब. लिहिण्याची मला सवय नाही. जे झालं ते झालं तसं सांगतो. त्याचा अर्थ ज्याचा त्याने लावावा.

देवाचं सगळं आमच्या मंडळींकडे होतं. दत्त महाराज भर दुपारी भिक्षेला निघतात अशी तिची श्रद्धा. म्हणून दर गुरुवारी बाराच्या सुमाराला ती ओट्यावर तांब्याभर पाणी आणि चतकोर पोळी झाकून ठेवायची. त्या वेळेला जो कोणी दारात येईल त्याला नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, द्यायचं आणि हात जोडायचे. कधी पोस्टमन पाणी पिऊन जायचा, कधी भंगारवाला. मी हसायचो. म्हणायचो, "तुझे महाराज भंगाराची गाडी ढकलतात का?" ती म्हणायची, "ढकलत असतील. तुम्ही कुठे त्यांचं तोंड पाहिलंय?" आणि दर वैशाख पौर्णिमेला ती नर्मदेकाठी गरुडेश्वरच्या दत्ताला जायची, करोनाची दोन वर्षं सोडली तर एकतीस वर्षं एकही खाडा नाही. मी सोबत जायचो, पण घाटाच्या पायऱ्या कधी उतरलो नाही. ती खाली नर्मदेवर जायची आणि मी वर बसच्या बॉनेटपाशी ड्रायव्हरशी गप्पा मारत उभा राहायचो.

आदल्या वर्षी भाद्रपदात तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आठ महिने तिच्या तोंडून एक शब्द आला नव्हता, नुसता घशातला आवाज. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, काका, पुढच्या वर्षाचं काही ठरवू नका. त्या दिवशी मी तिच्या उशाशी बसून तिला वचन दिलं, "या पौर्णिमेला तुला घरच्या गाडीतून गरुडेश्वरला नेतो. बसमध्ये धक्के खायचे नाहीत." तिने डावा हात माझ्या हातावर ठेवला. मी आयुष्यात पुष्कळ लोकांना पुष्कळ शब्द दिले, पण हा पाळायचाच असं ठरवलं होतं.

गुरुवारचं पाणी मात्र बंद पडलं. मुलगा शिरीष म्हणाला, "बाबा, आईचं ते पाणी तुम्ही ठेवा ना, तिला बरं वाटेल." मी म्हटलं, "माझ्या हातचं पाणी देवाला कशाला?" खरं सांगायचं तर कमीपणा वाटला. तिचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीपाशी होता. तिथून फाटक दिसतं आणि ओटाही. एका गुरुवारी दुपारी मी तिला पेज भरवत होतो, तर ती तोंड उघडेना. बघतो तर तिची नजर फाटकावर. मग ती नजर हळूहळू सरकायला लागली. फाटकापासून तुळशीपर्यंत, तुळशीपासून ओट्यापर्यंत, कोणी चालत येताना आपण बघतो ना, तशी. ओट्यावर येऊन थांबली. थोडा वेळ थांबली. आणि मग तशीच हळूहळू फाटकाकडे परत गेली. अंगणात कोणी नव्हतं. वाराही नव्हता. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. मी म्हटलं, आजारपणात डोळे फिरतात. पण त्यानंतर गुरुवारी बाराला मी तिला भरवायला बसत नसे. वेळ बदलली. कोणाला काही सांगितलं नाही.

गाडी शिरीषची. टर्बोवाली डिझेल, दहा वर्षांची, पण अंगाने चांगली. पौर्णिमेला पंधरा दिवस राहिले आणि ती तीनदा बंद पडली. गंमत अशी की तिन्ही वेळा एकाच जागी, आमच्या हरणीच्या सोसायटीच्या कमानीखाली. आतून बाहेर निघताना. तिसऱ्या वेळेला मी फिल्टर काढून डिझेल पांढऱ्या वाटीत ओतलं आणि उन्हात धरलं. आत चांदीची भुकटी चमकत होती. म्हणजे पंप आतल्या आत स्वतःला खात होता, आणि त्याचा चुरा सगळ्या नळ्यांत जात होता. ते दिसायला इतकं सुंदर होतं की मी बराच वेळ वाटी हलवत बघत बसलो.

शिरीष म्हणाला, "बाबा, वर्कशॉपला देऊ. नाहीतर त्या दिवशी भाड्याची गाडी करू."

"तुझ्या आईला मी शब्द दिलाय, भाड्याच्या गाडीवाल्याने नाही."

"हा बसचा पंप नाही बाबा. यात प्रेशर फार असतं."

"तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी प्रेशर बघतोय."

माझ्याशी वाद घालून कोणी जिंकलेलं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

नवा पंप स्टेशनपलीकडच्या भरतभाईंकडून आणला. पन्नाशीचा माणूस, पंप-नोझलचंच काम करतो, माझ्याशी मोडक्या मराठीत बोलतो. नेहमी डावा हात खिशात घालून उभा राहायची त्याची सवय. मी मनात म्हणायचो, दुकानदाराला एवढी ऐट कशाला. त्याने पंपाबरोबर एक नवी लोखंडी नळी दिली, पंपापासून वरच्या रेलपर्यंत, म्हणजे नोझलांना डिझेल वाटणाऱ्या जाड नळापर्यंत जाणारी. म्हणाला, "काका, जुनी नळी परत नाही लावायची. एकदा खोलली की तिचं तोंड बसत नाही." आणि एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा माझ्या हातात दिला. "आणि गळतंय वाटलं तर हाथ ना फेरवता. पुठ्ठा धरायचा. ही धार डोळ्याला दिसत नाही, काका. चामडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखं, आतून हात सडतो. मग कापायला लागतो."

मी म्हटलं, "भरतभाई, छत्तीस वर्षं हात फिरवला. आहे का नाही जागेवर?" आणि दहाही बोटं त्याच्या तोंडापुढे नाचवली. तो हसला नाही. खिशातला हातही बाहेर काढला नाही. पुठ्ठा मी रस्त्यातच टाकून दिला.

टाकी उतरवून धुतली, नळ्या धुतल्या, नोझल भरतभाईकडून तपासून आणले. यातच दिवस गेले. पंप चढवायचा दिवस आला तो गुरुवार, आणि पौर्णिमा शुक्रवारी. म्हणजे त्याच दिवशी गाडी उभी राहायला हवी होती. शिरीष मकरपुऱ्याला कामावर गेला. मी सकाळी हिचं सगळं आवरलं. ऊन आत येऊ नये म्हणून तिच्या खिडकीची दारं मीच ओढून घेतली आणि कडी लावली. कानातलं ऐकायचं यंत्र काढून टेबलाच्या खणात ठेवलं, कारण इंजिनापाशी ते नुसतं किरकिरतं. त्याच्याशिवाय मला माणसाचं बोलणं समजत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. फाटकाला आतून कडी घातली. नव्या पंपाला धुळीचा कण चालत नाही, म्हणून गाडीच्या भोवतीच्या मातीवर चांगलं बादली-दोन बादली पाणी मारलं. माती ओली, मऊ झाली.

तीन बोल्टांवर पंप निघाला. जुना हातात घेऊन हलवला तर आतून खुळखुळ आवाज, वाळल्या शेंगेसारखा. नवा बसवला, रबराची रिंग तेल लावून बसवली, हाताने पंप मारून हवा काढली. राहिली नळी. नवी नळी खोक्यात होती. जुनी माझ्या हातात होती, सरळ, स्वच्छ, काही झालेलं नव्हतं तिला. मी म्हटलं, ही नवी विकायची यांची रीत आहे. जुनीच लावली. भरतभाई म्हणाला होता, ठरलेल्या ताणावर टक् करून आवाज देतो तो पाना घेऊन जा. तोही मी आणला नव्हता. माझ्या मनगटाला ताण कळतो.

बाराच्या सुमाराला चावी फिरवली. तिसऱ्या फेऱ्यात इंजिन धरलं. मला कोण आनंद झाला. बॉनेटखाली वाकलो. इंजिन खडखडत होतं, पण जरा अडखळत होतं, आणि नळीच्या नटाखाली ओलं चमकत होतं. वरून काही गळताना दिसत नव्हतं. नुसता वास आणि ती ओल. मी खांद्यावरचं फडकं सारखं केलं, उजवं बोट पुढे केलं, त्या नळीवर फिरवायला.

"पाणी मिळेल का?"

शांत आवाज होता. पुरुषाचा होता का बाईचा, मला अजून ठरवता आलेलं नाही. पाठीमागून आला. मी वळलो नाही. "पुढे जा, काम चालू आहे," म्हटलं आणि बोट तसंच पुढे नेलं.

"पाणी मिळेल का?"

आता थोडा जवळून. सूर तोच. विनवणी नाही, राग नाही. मी वाकलेलाच राहिलो आणि गुजरातीत सांगितलं, आगळ जाओ भाई. बोटात आणि नळीत वीतभर अंतर राहिलं असेल. उन्हाने बॉनेट तापलेलं होतं, माझ्या मानेवर घाम होता, आणि त्या घामावर एकदम गार लागलं, जसं माठाचं झाकण काढून कोणी तोंडापाशी धरावं.

"पाणी तरी द्या."

हे अगदी खांद्याशी आलं. माझं डोकं फिरलं. काम करत्या माणसाला तीनदा टोकायचं म्हणजे काय. मी हात मागे घेतला, ताड्कन सरळ झालो आणि वळलो, चार शब्द सुनवायला. वळताना खांद्यावरचं फडकं घसरून मागे नळीवर पडलं.

मागे कोणी नव्हतं. अंगण रिकामं. फाटकाची कडी आतून जशीच्या तशी. समोरच्या घरांची दारं-खिडक्या उन्हासाठी बंद. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मी खाली पाहिलं. ओल्या मातीत ठसे होते, पण सगळे माझ्याच चपलांचे. बादलीपासून गाडीपर्यंत आणि गाडीभोवती. दुसऱ्या कोणाचा एकही नाही.

मग इंजिनाकडे वळलो. फडकं नळीवर लोंबत होतं आणि थरथरत होतं. बरोबर जिथे माझं बोट जात होतं तिथे त्या जाड कापडातून एक बारीक चीर सरकत चालली होती, ब्लेडने हळूहळू कापत न्यावी तशी. कापणारं काहीच दिसत नव्हतं. मी हात मागे धरून, गाडीशेजारच्या भिंतीला पाठ लावत सरकत गेलो आणि चावी बंद केली.

इंजिन थांबल्यावर जी शांतता झाली, त्यात मला पहिल्यांदा कळलं. डिझेल इंजिन खडखडत असताना शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. आणि माझं यंत्र तर घरात, खणात पडलेलं. मग तो आवाज मी कशाने ऐकला? मी कानाला हात लावून पाहिला. कान रिकामाच होता.

घरात गेलो. खिडकी बंद, खोलीत अंधार, पंखा फिरतोय. ही पलंगावर पडलेली, पण डोळे उघडे आणि दाराकडे लागलेले, मी कधी येतो याची वाट बघत असल्यासारखे. मी काही बोलणार, तेवढ्यात तिचे ओठ हलले. आठ महिन्यांनी. मला ऐकू आलं नसतं, म्हणून मी आधी खणातून यंत्र काढून कानात घातलं आणि तिच्या तोंडापाशी वाकलो. ती थांबली माझ्यासाठी. मग जड जिभेने, एकेक शब्द उचलून म्हणाली,

"अहो... पाणी... दिलंत?"

मी त्र्याहत्तर वर्षांत कोणापुढे रडलो नव्हतो. तिच्यापुढे रडलो. मग उठलो, तिचा पितळी तांब्या फळीवर आठ महिने पालथा पडलेला होता, तो घासला, माठातलं पाणी भरलं आणि ओट्यावर ठेवून आलो. हात जोडले का, असं विचाराल तर जोडले. कसे जोडायचे ते आठवत नव्हतं, तरी जोडले. तासाभराने तांब्या रिकामा होता. चिमण्या प्यायल्या असतील. उन्हाने आटलं असेल. मी वाद घालत नाही.

मग भरतभाईला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या मिस्त्रीला म्हटलं, "तू ये. माझ्याने होत नाही." तो दुकान सोडून स्कूटरवर आला. मी त्याच्या हातात फडकं दिलं आणि सगळं सांगितलं. त्याने चिरेतून बोट घालून पाहिलं. मग डावा हात खिशातून काढला. अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून नव्हती. म्हणाला, "माझ्या वेळेला कोणी पाणी मागायला नाही आला, काका."

त्याने नवी नळी लावली. पाना टक् वाजेपर्यंत आवळली. मी टॉर्च धरून उभा राहिलो, तो सांगेल तिकडे उजेड पाडत. इंजिन चालू केल्यावर त्याने पुठ्ठा धरून चारी बाजूंनी फिरवला. पुठ्ठा कोरडा राहिला. जाताना तो ओट्यापाशी थांबला. मी तांब्या पुन्हा भरून ठेवला होता. तो पाणी प्यायला, अन् मी त्याला नाव-गाव न विचारता हात जोडले. तो म्हणाला, "काका, मला कशाला?" मी तांब्या उचलून पुन्हा भरला.

पुष्कळ लोक विचारतात, तो कोण होता. मला ठाऊक नाही, आणि शोधायचंही नाही. मला एवढंच कळतं की मी दोनदा हाकलून दिलं आणि तरी तो तिसऱ्यांदा आला. माझं बोट वाचावं म्हणून त्याने मला काही दिलं नाही, उलट माझ्याकडेच मागितलं. मागितलं नसतं तर मी हात मागे घेतलाच नसता. कारण घेणं मला कधी जमलं नाही. कोणी शिकवलं तर घेतलं नाही, कोणी सांगितलं तर ऐकलं नाही. माझ्यासारख्या माणसाला हात देऊन उपयोग नव्हता, म्हणून त्याने हात पसरला असेल. ही दहा बोटं मी आता माझी म्हणत नाही. वापरायला दिली आहेत, तोवर वापरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो. चावी शिरीषच्या हातात दिली. तो बघतच राहिला. मी मागे बसलो, हिचं डोकं खांद्यावर घेऊन, आणि वाटेत एकदाही इंजिनाच्या आवाजाकडे कान दिला नाही. गरुडेश्वरला घाटावर झाडाखाली तिची चाकाची खुर्ची लावली, शिरीष तिच्यापाशी थांबला आणि मी तांब्या घेऊन पायऱ्या उतरलो. पहिल्यांदा. गुडघे दुखत होते, धरायला कठडा नव्हता. नर्मदेत तांब्या बुडवला, भरला आणि वर चढायला लागलो. चार पायऱ्या राहिल्या असतील, तेव्हा वर पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर माझ्या मागे होती, खालच्या पायऱ्यांवर, आणि तिथून हळूहळू वर सरकत येत होती, कोणी माझ्या पाठोपाठ चढून येताना बघावं तशी. मानेवर गार लागलं. मी मागे वळून पाहिलं नाही. थोडा बाजूला सरकलो, वाट दिली, भरलेला तांब्या पायरीवर ठेवला आणि तिला म्हणालो, "दिलं हो."